मागची तारीख

“तारीख मी सांगतो ती घाला, मावशी. गेल्या महिन्याची वीस.”

कंत्राटदाराने विक्रीपत्रावर बोट आपटलं. समोरच्या बाईंनी उचललेलं पेन तसंच धरून ठेवलं. बाई मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं त्यांनी डोंगरदऱ्या मोजल्या, त्यातली शेवटची चौदा या जीपमधून. आता नजर दगा देऊ लागली म्हणून जीप विकायला काढली होती. चारही चाकांना जोर असलेली एवढी दणकट गाडी एका म्हातारीच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते, याचाच कंत्राटदाराला पहिल्या दिवसापासून राग होता.

“आज चोवीस आहे,” बाई म्हणाल्या.

“मला कॅलेंडर वाचता येतं.”

त्याला घाई होती. जंगलातल्या कच्च्या वाटांवरची शर्यत पुढच्या आठवड्यात होती आणि नावनोंदणी आज पाचला बंद होणार होती. गाडी किमान महिनाभर स्पर्धकाच्या मालकीची हवी, असा नियम. गेली तीन वर्षं तो दुसरा येत होता. तिन्ही वेळा पहिला आला तो त्याचा मेहुणा, आणि सासुरवाडीत ताट वाढायच्या आधी तो विषय वाढला जायचा. यंदा मेहुण्याची जिरवणारी गाडी हाताशी आली होती आणि घोडं अडलं होतं ते या बाईच्या पेनापाशी.

तासभर तिने नुसता कीस पाडला होता. भिंग घेऊन, गाडीखाली वाकून चेसिस नंबर स्वतः ताडून पाहिला. किलोमीटरचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत लिहिला. हँडब्रेक सैल आहे, मागची काच नीट बसत नाही, हेही कागदावर आलंच पाहिजे म्हणाली. “गाडी विकताय की मुलगी देताय?” असं त्याने विचारलं, तेव्हा साक्षीदार म्हणून आणलेला त्याचा मेकॅनिक पोट धरून हसला होता. बाई हसल्या नव्हत्या. असल्या माणसांना विनोदही कळत नाही, असं कंत्राटदाराचं मत झालं.

“तारीख मागे नेलीत तर तुम्हालाच जड जाईल,” बाई म्हणाल्या. “या बारा तारखेला मी गाडी घेऊन...”

“देवदर्शनाला गेला असाल. मला काय करायचंय?”

“ऐकून तर घ्या. त्या दिवशी वळणावर...”

“मावशी, पैसे सकाळीच तुमच्या खात्यात पडलेत. आता तुम्ही फक्त सही करायची. डोकं चालवायला मी बसलोय.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग त्याच्याकडे जरा वेळ नीट पाहिलं. बांध सरकवून वर शपथ घेणारे लोक त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्यांच्याकडे बघावं तसंच त्या याच्याकडे बघत होत्या, पण त्या नजरेचा अर्थ लावण्याची कंत्राटदाराला गरज वाटली नाही.

“बरं. खाली छापलेली ओळ तेवढी वाचा,” बाई म्हणाल्या.

त्याने ती शाळकरी पोरासारखा हेल काढून वाचली. “‘वर लिहिलेल्या तारखेपासून या गाडीची आणि तिच्यामुळे घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घेणाऱ्याची राहील.’ मान्य. शंभरदा मान्य. आणखी काही?”

“नाही. आता काही नाही.”

बाईंनी गेल्या महिन्याची वीस तारीख घातली आणि सही केली. मग कंत्राटदाराने केली, मेकॅनिकने केली. कंत्राटदाराने लगेच कागदाचा फोटो काढून शर्यतीच्या कार्यालयाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. नोंदणी झाली होती, क्रमांकही मिळाला होता. मेहुण्याचा पडलेला चेहरा त्याला इतका स्पष्ट दिसला की त्या आनंदात त्याने म्हातारीलाही माफ करून टाकलं.

“बघा, झालं की नाही? उगीच घोळ घालत होता.”

बाईंनी फाईल उघडली आणि एक घडी घातलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. “हे आज सकाळी आलं. जीपच्या मालकासाठी आहे.”

वनखात्याची नोटीस होती. बारा तारखेला या जीपने रोपवाटिकेचं कुंपण तोडून पाचशे रोपं चिरडली होती. त्या दिवशी गाडी ज्याच्या मालकीची होती, त्याला आजपासून वर्षभर जंगलातल्या कुठल्याही वाटेवर गाडी नेण्यास मनाई. गाडी त्या तारखेनंतर विकली गेली असल्यास नव्या मालकाला ही मनाई लागू नाही.

कंत्राटदाराने नोटीस दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना हेल नव्हता.

“चालवत कोण होतं?”

“मीच. वळण दिसलंच नाही मला. तसं लिहूनही देईन. पण मनाई मालकाला आहे.”

“पण ती तारीख खोटी आहे,” तो ओरडला.

“शेठ, हळू,” मेकॅनिक म्हणाला. “तीच तारीख आत्ता शर्यतवाल्यांना पाठवलीत ना?”

बाईंनी किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली, पेनाला टोपण लावलं आणि त्या उठल्या.

“काही म्हणणं असेल तर वनखात्याने उद्या अकराला बोलावलंय,” त्या म्हणाल्या. “जाऊन बघा. पण तिथले साहेब समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत.”