जागल मंडळाची बैठक

समाजमंदिरात खुर्ची एकच आणली होती, आणि ती काजलसाठी होती.

विमलाबाईंनीच ती शेजारून मागवली. जागल मंडळाच्या बैठकीला आजवर सगळे सतरंजीवर बसत आले होते, अध्यक्ष असलेल्या विमलाबाईसुद्धा. पण काजल आता गावची सरपंच, तिला खाली कसं बसवायचं? शोभाबाई आणि मोतीलाल यांच्या मध्ये तिची नेहमीची जागा. तिथं आता मोतीलालने ऐसपैस मांडी पसरली होती.

दाराशी प्रफुलभाऊ उभे होते, मोबाईल चाळत. बोलावलं नव्हतं, तरी आले होते. तालुक्याच्या पुढाऱ्याला बोलवावं लागत नाही. आधीचे सरपंच किसनराव यांचं जुनं पॅनल पडलं ते यांच्या जोरावर आणि मंडळाच्या पायपिटीवर. जोर लावणाऱ्याने आता गावचं गायरान मागितलं होतं, गोदामासाठी. येत्या सोमवारच्या ग्रामसभेत तो विषय होता.

सरपंचाला भर सभेत प्रश्न विचारायला याच मंडळाने गावाला शिकवलं. पण काजलचं पॅनल जिंकल्यापासून जो तो म्हणू लागला, आता आपलंच राज्य आलं, मंडळ कशाला? म्हणून विमलाबाईंनी आज एकच ठराव ठेवला होता : मंडळ पुढेही चालू ठेवायचं. तो पडला तर सोमवारी गायरानासाठी तोंड उघडणारं कोणी उरणार नव्हतं.

मंडळाची एक रीत होती, वडनेर भागात तिची थट्टाही व्हायची. ठराव कितीही चांगला असो, एकाने त्याच्या विरोधात बोलायचंच. मनात असो नसो, जीव तोडून बोलायचं. बाकीच्यांनी ते खोडून काढायचं आणि मग ठराव हवा असणाऱ्यांनी हात वर करायचे. ज्याची पाळी त्याने हात वर करायचा नाही. बाकी एकाचा जरी हात वर गेला, तरी विषय संपत नसे. पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यावा लागे. पाळी बसल्या क्रमाने फिरायची. ती कोणाची आहे हे कोणी पुकारत नसे, ज्याची त्याला ठाऊक.

मागच्या वेळी शोभाबाई बोलल्या होत्या. विमलाबाईंनी त्यांच्या शेजारी नजर टाकली आणि त्यांना हायसं वाटलं. मोतीलाल किराणा दुकानदार. भला माणूस, गिऱ्हाइकाशीसुद्धा कधी वाद घातला नाही.

त्याने विमलाबाईंकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "मी म्हणतो, बंद करा मंडळ. बैठकीपायी दुकान उघडं टाकून या लागते."

"तुह्या दुकानात तसंही कोण येते?" शोभाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मोतीलालही हसला. खुर्चीवरून काजलने मात्र त्याच्याकडे चमकून पाहिलं. झालं, आता हात वर करायला सांगावं, असं विमलाबाईंच्या मनात आलं. तेवढ्यात काजल उभी राहिली.

"मोतीलालभाऊ बरोबर बोलले," ती म्हणाली.

हसणं थांबलं. प्रफुलभाऊंनी मोबाईल खिशात घातला.

"किसनराव होते तवा जागल लागे. आता वावर आपलं, पीक आपलं, मंग राखण कोणाची करता? माही? म्हणजे माह्यावर भरोसा नाई तुमचा. नसन तं तसं सांगा. आत्ता सांगा, माह्या तोंडावर."

तिचा आवाज कापत होता. विमलाबाईंना वाटलं, संतापाने. याच पोरीला त्यांनी हात धरून पहिल्या ग्रामसभेत नेलं होतं, आणि तिने माईक धरला तेव्हा पाठीवर हात ठेवला होता. सत्ता मिळाली की माणसं बदलतात हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. पण इतक्या लवकर? त्यांना फार वाईट वाटलं.

काजल एकेकाकडे बघत होती. "शोभाबाई, तुमी सांगा."

शोभाबाई सतरंजीचे दोरे उपसू लागल्या. "आमी काय सांगावं, बाई. तुमी सरपंच."

"मोतीलालभाऊ?"

"माहं तं आधीच सांगून झालं."

"मावशी, तुमाले काई म्हणाचं आहे?"

विमलाबाईंच्या ओठावर आलं होतं : भरोसा तुह्यावर आहे पोरी, खुर्चीवर नाई. पण दाराशी प्रफुलभाऊ उभे. त्यांच्यासमोर आपल्याच लेकीसारख्या पोरीचा पाणउतारा करायचा? शिवाय गाव म्हणणार, म्हातारीला अध्यक्षपद सुटत नाही.

"सरपंचबाई म्हणते तसं," त्या म्हणाल्या.

काजल क्षणभर तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंडळ चालू ठेवा म्हणणाऱ्याईनं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. विमलाबाईंचा उजवा हात मांडीवरून जरासा हलला, तो त्यांनी पदराखाली दाबून धरला.

"चला, मिटलं," प्रफुलभाऊ म्हणाले. "शहाणं गाव आहे. सोमवारी भेटू, सरपंचबाई." त्यांच्यामागे एकेक करत सगळे उठले आणि चपला शोधू लागले. बाहेर गाडी सुरू झाली.

विमलाबाई सतरंजी गुंडाळायला वाकल्या तेव्हा काजल खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर खाली बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, कोणीच खोडून काऊन नाई काढलं?"

"काय खोडाचं?" विमलाबाईंनी कोरडेपणाने विचारलं.

"मी वाट पाहून राह्यली होती. तुमी तरी उठान म्हणून किती थांबली. आता सोमवारी त्या माणसापुढं मी एकटीनं काय करू?" तिने डोळ्यांना पदर लावला. "शोभाबाईच्या नंतर पाळी तं माही होती."