उशिरा पडलेला ठोका

पुन्हा चुकले. नातीने काठ्या मांडीवर आपटल्या.

उद्या सकाळी अकरा वाजता तिची परीक्षा होती. वाद्यवृंदात ड्रमवादकाची जागा एक आणि उमेदवार नऊ. ज्यावर अर्धे जग नाचले, अशा एका ड्रम अँड बेस गाण्यातले ड्रमवादन हाताने वाजवून दाखवायचे होते. असली गाणी जुन्या तबकड्यांचे तुकडे कापून, त्यांचा वेग वाढवून रचलेली असतात. नातीने तिन्ही तुकड्यांचा छडा लावला होता. गळा एका गायिकेचा, खर्जाची तार दुसऱ्या तबकडीतली, आणि गाण्याचे काळीज म्हणावे असे सहा सेकंदांचे ड्रमवादन एका विस्मृत वाद्यवृंदाचे. ती मूळ तबकडी तिला कालच सापडली होती. वेष्टनावर चहा आणून देणाऱ्याचेसुद्धा आभार होते. ड्रम वाजवणाऱ्याचे नाव मात्र नव्हते.

पाच सेकंद तिला हुबेहूब साधत. घोडे पेंड खाई ते सहाव्यात. तिथे ‘टक्’ असा बारीक आवाज होई आणि पुढचा ठोका केसभर उशिरा पडे. गाण्याची सारी जादू त्या उशिरात होती. ती टक् मिळवण्यासाठी तिने ड्रमची कड, पेनचे टोपण, आजीची वाटी, सारे बडवून पाहिले होते.

पलीकडच्या खोलीत आजोबा खुर्च्यांना वेत विणत होते. नात वाजवायला बसली की ते मुकाट्याने मधले दार लावून घेत. या गृहस्थांना संगीताचे वावडे आहे, असे अवघ्या आळीचे मत होते. आजही ते उठले. इतक्यात नातीने मूळ तुकडा लावला, त्याच्या मूळ संथ वेगाने. आजोबांचा हात कडीवरच राहिला.

“ती कड नाही. लाकूड आहे. खुर्चीचा पाय.”

“तुम्हाला बरं कळलं!”

“चाळीस वर्षं खुर्च्याच ठोकतोय मी. आणि मोजत बसू नकोस. उजवी काठी सैल धर. अजून सैल. पडली तर पडू दे.”

“पडली तर उद्या हसतील ना सगळे!”

“हसले तर दात दिसतील त्यांचे. वाजव तू.”

तिने वाजवले. सहाव्या सेकंदाला घामेजल्या बोटांतून काठी निसटली, बसल्या खुर्चीच्या पायाला टक्कन लागून उसळली, तिने ती अधांतरी झेलली आणि ठोका घातला. केसभर उशिरा. हुबेहूब.

“आजोबा!” नात किंचाळलीच. “काय डोकं असेल हो त्या माणसाचं! त्याला हे सुचलं तरी कसं?”

आजोबांनी दार लावले नाही. ते आत आले. तिच्या हातातली काठी घेऊन त्यांनी ती बोटांत गर्रकन फिरवली.

“सुचतंय कुठलं? निसटली हातातून. रेकॉर्डिंगला दुसरी फीत नव्हती म्हणून तेच तबकडीवर छापलं, आणि मला घरी बसवलं. सरक जरा.”