अकोल्याची लादी

अकोल्याहून निघाली तेव्हा बर्फाची लादी पुरती होती. पातूरला ऑटोतून उतरली तेव्हा अर्धी. परवेजने ओलं बारदान सोडलं, भुसा झटकला आणि उरलेले तुकडे बाजेखाली सरकवले. बाजेवर जानराव होते. पहाटे गेले होते.

"काकू, रस्त्यातच पाणी झालं," परवेज म्हणाला. "ऊन कसं हाय पाह्यलं ना."

"ऊन मले नोको दाखवू," जानरावांची बायको चतुराबाई म्हणाली. "तुह्या गोळ्याच्या गाडीवर दिवसभर बर्फ टिकते. गिऱ्हाइकाचा टिकते अन् काकाचा वितयते? जाय, दुसरी आण."

परवेजने आज गोळ्याची गाडी लावलीच नव्हती. पण ते त्याने सांगितलं नाही. भुसा पुन्हा पोत्यात भरला आणि निघाला.

दहा वाजले होते. लाइन गेलेली, कुलर नुसता उभा. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढची मेणबत्ती पेटवायच्या आधीच वाकली होती. ओसरीवर जानरावांचे धाकटे भाऊ शेषराव सेलचा रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. विदर्भात उष्णतेची लाट कायम, अकोल्यात पारा सेहेचाळीसच्या वर. उत्तरेकडच्या पहाडी भागात बर्फवृष्टी सुरूच, उंचावरचे रस्ते बंद.

"काय आवाज हाय बाईचा," चतुराबाई म्हणाली. "जाळते बी त्याच आवाजात, गोठवते बी त्याच आवाजात."

शेषरावांनी रेडिओ बंद केला. त्या पहाडातच तिचा धर्मेंद्र होता, फौजेत, बर्फातल्या चौकीवर. एकुलता एक. निरोप सकाळीच गेला होता, त्याचा फोन यायचा होता.

"वैनी," शेषराव हळूच म्हणाले, "आता जास्त वेळ ठेवता येत नाई."

"लग्नाले तीन दिवस आधी येऊन बसता भाऊजी. आज काहून घाई सुटली तुमाले?"

"तसं नाई वैनी. ऊन पाहा. दादाची दशा व्हईन."

ती बाजेजवळ बसली आणि पदराच्या टोकाने माश्या हाकलत राहिली. बाजेखालचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच वाळलं.

साडेबाराला सुनेच्या हातातला मोबाईल वाजला. संध्याने दोनच शब्द ऐकले आणि फोन सासूच्या कानाला लावला. हा चौकीवरचा फोन होता. आपण बोललं की दोन श्वास थांबायचं, मग तिकडून आवाज यायचा.

"माय, हेलिकॉप्टर येऊन नाई राहिलं," धर्मेंद्र म्हणाला. "तीन दिवस झाले, बर्फ थांबूनच नाई राहिला. मी पायी उतरतो. सायबाच्या मागं लागलो हाय. आज निघालो त परवा खाली पोचतो. बाबाचं तोंड पाह्यचं हाय मले."

चतुराबाईने फोन घट्ट धरला. मागच्या सुट्टीत ह्याच बाजेवर बसून त्याने सांगितलं होतं: बर्फाला खोल भेगा असतात, वरून नवा बर्फ पडला की त्या झाकून जातात. पाय टाकेपर्यंत कळत नाही. तेव्हा जानराव हसले होते. आपल्या वावरातल्या भेगा तरी दिसतात, म्हणाले होते.

"पायी काहून उतरतं?" ती म्हणाली. "बाबा कुठं पळून चालला का तुहा?"

दोन श्वास.

"तिकडं ऊन असन ना माय. ठेवतीन का लोकं?"

"कोनाच्या बापाची हिंमत हाय उचलायची? अकोल्याहून लाद्या आनल्या. खाली बर्फ, बाजूनं बर्फ. बुढा जलमात एवढा थंडगार झोपला नसन. चार दिवस काई होत नाई त्याले."

ओसरीवरचे शेषराव उठून उभे राहिले. संध्या सासूकडे बघत होती.

"खरंच माय?"

"मी खोटं बोलतो का? आभाय उघडलं की ये हेलिकॉप्टरनं, सायबावानी. त्याच्या आधी पाय उचलला त माही शप्पथ हाय तुले."

या वेळी दोन श्वासांपेक्षा जास्त गेले.

"बरं," तो म्हणाला. "नाई उतरत. पन मी आल्याबिगर नेऊ नोको माय."

"नाई नेत."

फोन कटला. चतुराबाईने तो पदराने पुसला आणि संध्याच्या हातात दिला.

"उचला, भाऊजी," ती म्हणाली.

संध्या रडायला लागली. "आई, त्यांचा परत फोन आला त?"

"त मले दे. तुह्याच्यानं बोलनं होनार नाई."

त्रिशरण, पंचशील झालं. वाकलेली मेणबत्ती हाताने सरळ धरून संध्याने पेटवली. माणसांनी जानरावांना उचललं आणि उन्हातून नेलं. चतुराबाई दारापर्यंत गेली. ते वळणाआड होईपर्यंत उभी राहिली, आणि परत येऊन रिकाम्या बाजेजवळ बसली.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. परवेज घामाने निथळत आत आला, खांद्यावर लादी घेऊन. या खेपेला त्याने ती घरच्या रजईत गुंडाळून आणली होती. एक कोपराही झिजला नव्हता. बाज बघून तो जागीच थांबला. रजईतून थेंब थेंब पाणी त्याच्या पाठीवरून उतरत होतं.

"काकू, आता हे कुठं ठेवू?"

चतुराबाईने बाजेवरची चादर हाताने नीट केली.

"इथं ठेव," ती म्हणाली. "पोराले सांगतलं म्या, बर्फ हाय म्हनून."