बाल्कनीतला दिवा

टॉकीजमध्ये दुपारच्या खेळात वीज गेली आणि बायकांच्या बाल्कनीत मिट्ट काळोख झाला. वायरमन जब्बार बाल्कनीच्या जिन्याकडे धावला. अशा वेळी जिन्यावरचा बॅटरीचा दिवा आपोआप लागायचा. पण ती बॅटरी महिन्यापूर्वीच मेली होती, आणि नवी मागितली की टॉकीजचे मालक चुनीलालशेठ "पाहू" म्हणायचे.

तेवढ्यात मशीनच्या खोलीतून जळका वास आला. किंकाळ्या उठल्या, खुर्च्या आदळल्या. त्या गर्दीत त्याची बायको सलीमाही होती, सात महिन्यांची गरोदर. तिला शोधायला निघालो तर बायका जिन्यावरून एकमेकींवर कोसळतील, हे त्याला कळत होतं. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडू लागला, "घाबरू नका, माय! मन्हा आवाजकडे या! भिंतले हात लावा, हळूहळू उतरा!"

हात त्याला चाचपत पुढे जात राहिले. त्यात सलीमाचा कुठला, त्याला कळेना.

खाली उन्हात ती सुखरूप दिसली, तेव्हा तो तिच्याशेजारी जाऊन बसला. चुनीलालशेठ हसत आले आणि त्याची पाठ थोपटून म्हणाले, "एकबी बाई पडनी नही! आते नवी बॅटरी कसाले? दिवा तूच शेस ना!"