आईच्या अंगावरची पूड

ती प्रयोगशाळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या बनवायची. केसाहून हजारो पटींनी बारीक, तरी पोलादाहून चिवट. बॅटरीत घातल्या की ती जास्त टिकते, विमानाच्या पंखात घातल्या की तो हलका होतो. पण त्यांची सुटी काळी पूड श्वासाबरोबर आत गेली तर फुप्फुसात रुतून बसेल, ही धास्ती तिला सोडत नव्हती. ती तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायची. तरी चिमुरडी लेक धावत आली की मागे सरायची. "नको गं राणी, एखादा कण राहिला असेल अंगावर."

मग लेकीला खोकला लागला. आईला वाटलं, एखादा कण आत गेलाच. खोकल्याची उबळ आली की ती सगळं विसरून लेकीला पोटाशी धरायची, तिच्या छातीला कान लावून बसायची.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं एकदम स्वच्छ आहेत हो. घशातही काही नाही."

दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने लेकीला विचारलं, "मग खोकतेस का गं सारखी?"

लेक खाली मान घालून म्हणाली, "खोकलं की तू जवळ घेतेस."