पंचेचाळीस फुटांची काठी

"ही वाकते," मावशी म्हणाल्या.

दुकानामागच्या अंगणात त्यांनी काचा धुवायची फायबरची काठी पार वरपर्यंत ताणली होती. टोकाचा ब्रश डुलत होता आणि त्याच्याबरोबर मावशीही. वय सत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट. दुकानदार दोन्ही हात पसरून मागे उभा होता. तोल गेलाच तर आधी काठी धरायची की मावशींना, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"फायबर वाकणारच. कार्बनची घ्या. हलकी आणि ताठ. तुमच्या दुमजली घराला पंचवीस फूट पुष्कळ झाली."

"पंचेचाळीसची दाखव."

"एवढी घेऊन काय चंद्र पुसायचाय, मावशी?"

"दाखव तर खरं. आणि मिटवली की गाडीत मावते ना?"

"मावते की!" दुकानदार आत पळालाच. ती काठी दोन वर्षं कोपऱ्यात उभी होती. लोक यायचे, हात लावायचे, निघून जायचे.

मावशींनी एकेक नळी बाहेर काढली, एकेक चाप दाबला. काठी सरळ वर गेली आणि वरच राहिली. "अगं बाई!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "रविवारी मुलगा येतोय, सूनही. घराचा काय तो निकाल लावायचाय. त्याआधी वरच्या काचा लखलखायला हव्यात."

दुकानदाराला पुढचं सांगायची गरज नव्हती. "आईला आता झेपत नाही," हे मुलाचं पालुपद सगळ्या गल्लीला पाठ होतं. वरच्या मजल्याच्या मळकट काचा हा त्याचा हुकमी पुरावा. घराला कुलूप लावायचं आणि आईला आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

दुकानदारानेही स्वतःच्या आईला असंच आणलं होतं. ती वर्षभर आपल्या घराची किल्ली मुठीत घेऊन बसून राहिली आणि एक दिवस गेली. ते त्याला अजून खात होतं. मावशींचं घर जाता कामा नये, असं त्याने मनाशी पक्कं केलं, आणि मग त्याच्या अंगात वारंच शिरलं.

रोज सकाळी मावशी आपल्या जुन्या गाडीतून अंगणात हजर. तोही गिऱ्हाइकं सोडून शिकवायला हजर.

"पाणी फिल्टरमधून यायला हवं. मीटरवर शून्य दिसलं की त्यात क्षार नाहीत. मग काच पुसायची नाही, आपोआप वाळते, डाग राहत नाही. आधी चौकट धुवायची, मग काच. आणि काठी उभी करण्याआधी वर विजेची तार आहे का ते बघायचं. कार्बनमधून करंट येतो, तिथे चेष्टा नाही."

बुधवारी मावशींनी चापांना तेल लावून आणलं. दुकानदाराने कपाळावर हात मारला. "तेलाला धूळ चिकटते! मग कचकच सुरू होते आणि नळ्या आतून ओरखडतात." मावशी निमूट खाली बसल्या. त्यांनी काठीचे सगळे तुकडे सुटे केले, ओल्या फडक्याने पुसले आणि सावलीत वाळवले.

शुक्रवारी मात्र त्यांनी काठी अर्धी उघडून कान लावला. "तिसऱ्या नळीत खडा आहे." दुकानदाराने बघितलं तर खरोखरच होता, मोहरीएवढा. तो आनंदाने ओरडला.

"अजून दोन ब्रश दे," मावशी म्हणाल्या. "आणि फिल्टरमधला तो क्षार शोषणारा मसाला, वर्षभर पुरेल इतका."

वर्षभर! दुकानदाराचा ऊर भरून आला. मावशी मागे हटणार नव्हत्या.

रविवारी तो दुकान बंद ठेवून त्यांच्या फाटकाशी जाऊन थांबला. शेजारी गच्च्यांवर आले होते. मावशींनी वर नजर टाकली. तार नव्हती. काठी सरसर चढली, ब्रश वरच्या चौकटीला टेकला आणि पाणी सुटलं. पहिली खिडकी, दुसरी, तिसरी. कोणीतरी टाळी वाजवली. दुकानदाराच्या तळहातांना घाम सुटला होता, जणू काठी त्याच्याच हातात होती.

चौथी खिडकी चालू असताना मुलाची गाडी येऊन थांबली. मावशींनी वळूनही पाहिलं नाही. शेवटची काच धुऊन झाल्यावर त्यांनी काठी मिटवली, फडक्याने पुसली आणि मगच मुलाकडे वळल्या.

ऊन तापलं. काचा वाळल्या. एका थेंबाचाही डाग नव्हता. पलीकडच्या फुटपाथवरून वरच्या खोलीतल्या भिंतीवरचा नुसता खिळासुद्धा दिसत होता. सून "कमाल आहे!" म्हणाली. मुलगा तोंड उघडं टाकून कधी खिडक्यांकडे, कधी आईकडे बघत राहिला.

"हे... तू केलंस?"

"मग काय खिडक्यांनी आपापली आंघोळ केली?"

गच्चीवर हशा पिकला. मुलगा खाली मान घालून जवळ आला. "चुकलो, आई. मी उगाच मागे लागलो होतो. तुला सगळं झेपतंय. कुठे जायला नको. राहा तू इथेच."

दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, आणि भर रस्त्यात त्याने शिट्टी मारली. जिंकल्या मावशी!

मावशींनी मुलाच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"अरे, राहू कुठे? घर मी मागच्या महिन्यातच विकलं. घेणाऱ्याला काचा धुऊन देईन म्हटलं होतं, त्या दिल्या, आणि आता बाजूला हो बाळा, अंधाराच्या आत पुढचं गाव गाठायचंय, उद्या सकाळी सातला तिथल्या शाळेच्या काचा धुवायला घेतल्यात."