आखूड स्क्रू

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी बायको पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी न्हाणीघराची कडीच काढली. ती आत पडली तर दार उघडता यावं म्हणून. “दाराला कडी नाही, तर आंघोळही नाही,” ती म्हणाली. मी सुतार, कडी परत लावली, पण आखूड स्क्रूंनी, खांदा मारला की उखडेल अशी. एका सकाळी ती वॉकर धरून एकटीच आत गेली. कडी लागली, मग काहीतरी धाडकन पडलं. हाकेला ओ नाही. मी खांदा मारला. दार हललंच नाही. “अहो, दार मोडाल!” ती आतून ओरडली. “बादली पडलीय, मी नाही.” “आणि स्क्रू?” “मीच बसवले तुमच्या पेटीतले लांब. पेटीपर्यंत एकटी चालत गेले.” कडी अजून घट्ट आहे. बायको गेली धाकटीच्या लग्नाच्या वर्षी, तापानं.